भूगोलाच्या सरांचा शर्ट

मापमावशीला माणूस दिसायच्या आधी त्याचं माप दिसायचं. मशीन खिडकीशी होतं, आणि खिडकीखालून कोणी चाललं की हिचं सुरू. "छाती छत्तीस, पोट चाळीस. आणि म्हणतोय कसा, मावशी, जरा फिटिंगमध्ये शिवा हं!" हे शेवटचं वाक्य त्या माणसाच्याच आवाजात. नाकातून बोलणारा असला तर नाकातून, चिरका असला तर चिरक्यात. तिच्याकडे कपडे टाकून जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, आता आपली पाठ वळली, आता आपलं होणार. ते होतंच होतं.

खाली बेकरी, वर चौदा पायऱ्या चढून मावशीची खोली. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा, आणि तोही कुठल्याशा न नेलेल्या कोटाच्या अस्तराचा. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी पाइप होता. तयार कपडे त्या पाइपला टांगलेले, आणि प्रत्येक कपड्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. चिठ्ठीवर नाव आणि वार. तारीख ती लिहायची नाही. म्हणायची, "तारीख लिहिली की लोक त्या तारखेला येतात. वार लिहिला की कुठल्याही आठवड्यात आले तरी मी खरी."

या दुकानाचा बिनपगारी प्रेक्षक म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वीजखात्यात वायरमन. गाव त्याला फ्यूज म्हणायचं. गावात लाइट गेली की पहिला प्रश्न, "फ्यूज कुठाय?" हा जेवत असला तर अर्ध्या घासावरून उठून जायचा, खांबावर चढायचा आणि वरून ओरडायचा, "आली का?" खालून सगळी गल्ली ओरडायची, "आलीऽऽ!" मावशी म्हणायची, एवढं कौतुक नाटकातल्या राजालाही मिळत नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ही एकोणीसची. बापाच्या जुन्या शर्टातून त्याचा पहिला शर्ट तिनंच कापला. तेव्हापासून सदतीसाव्या वर्षापर्यंत त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या हातचा धागा चढला नव्हता. गावाला टेप लावणारी मावशी त्याला कधी टेप लावायची नाही. त्याचं माप तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

लग्नाचं काढलं की तो म्हणायचा, "खांबावरून उतरलो की बघू."

नकला दोघांनाही यायच्या, पण जात वेगळी होती. मावशीची नक्कल हुबेहूब. फ्यूजची नक्कल सुरुवातीलाच फुटायची, कारण त्याला स्वतःलाच हसू यायचं, आणि हसणं कसं, तर सुरू न होणाऱ्या मोटारसारखं. घर्र, घर्र, घर्र आणि बंद. दोघांचा लाडका बकरा म्हणजे भूगोलाचे सर. सर प्रत्येक वाक्याला "अर्थात" लावायचे. दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, "अर्थात भगिनी, माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्ध्या इंचानं खाली आहे. तीस वर्षं नकाशांच्या गुंडाळ्या वाहिल्याचा परिणाम." ते गेल्यावर फ्यूजनं सबंध संध्याकाळ एक खांदा पाडून घालवली. "अर्थात ताई, भाजीत मीठ कमी आहे. भौगोलिक कारणं असावीत."

आता मावशीच्या कामाच्या तीन गोष्टी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच बेतलंय.

एक. कपडा पूर्ण झाला की खालच्या मुडपीच्या आतल्या बाजूला ती तीन तिरपे टाके घालायची. त्या घडीला सुईत जो रंग असेल त्याच रंगाचे. ही तिची सही. दुसरी, गिऱ्हाईकाचं आधी आणि घरचं नंतर. हा तिचा धर्म होता, आणि त्यापायी घरात नेहमी काहीतरी उसवलेलं असायचं. आणि तिसरी, फ्यूज हा तिचा पुतळा होता. दुकानात लाकडी पुतळा ठेवायला जागा नव्हती, म्हणून अर्धवट शर्ट, कोट, एकदा तर एका वधूचा झगासुद्धा तिनं त्याच्या अंगावर चढवून बघितला होता. गावाचे कपडे अंगात घालायची त्याला सवयच होती. काढून परत जसाच्या तसा टांगायचा. कधी मावशी आत असली तर गिऱ्हाईकाच्या हाती कपडे द्यायचंही काम तोच करायचा.

वादळ येणार हे दोन दिवस रेडिओ सांगत होता. बंदरातल्या होड्या वर ओढल्या होत्या. बेकरीवाला दर तासाला जिन्यात येऊन सांगायचा, "मी म्हणत नव्हतो?" तो आधी काय म्हणत होता हे कुणालाच आठवत नव्हतं. भूगोलाचे सर तर गावातच नव्हते. पेपर तपासायला नदीपलीकडच्या शाळेत गेले होते, आणि त्यांची बायको सगळ्यांना सांगत होती, "वादळं शिकवत आयुष्य गेलं, आणि एक खरं येतंय तर हे गैरहजर."

त्या दिवशी सकाळी आठला वीजघरातून निरोप आला. वारा चढायच्या आत सगळ्या लाइनी बंद करायच्या, म्हणजे तुटलेल्या तारा पाण्यात पडल्या तरी कुणाला शॉक लागणार नाही.

फ्यूज पडद्यामागून म्हणाला, "ताई, माझा शर्ट झाला का?"

"कुठला?"

"कुठला म्हणजे! टेस्टरच्या खिशाचा. पंधरा दिवस तुझ्या ढिगात बसलाय बिचारा. आता त्याला तिथंच एखादी बायको मिळेल, संसार होईल."

टेस्टर ठेवायला त्याच्या प्रत्येक शर्टाला डावीकडे आतून एक अरुंद खिसा असायचा. या शर्टाचा खिसा फाटला होता. मावशी मशीनवर होती. बेकरीवाल्याच्या मुलीचा जांभळा फ्रॉक, शेवटचा घेर. मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हाईकांचं होऊ दे, मग तुझं."

"गिऱ्हाईकांचं कधी होतच नाही गं."

"मग दुसरा घाल."

"दुसरे दोरीवर आहेत. दोन दिवस पाऊस. पिळले तर बादली भरेल."

"मग ओलाच घाल. खांबावर वाळेल."

मागे हँगर खणखणले. टाचण्यांच्या डबीचं झाकण उघडलं, मिटलं. मावशीचा पाय मशीनवर, डोळे सुईवर. घेराची शिवण मध्येच सोडली की वाकडी जाते, आणि वाकडी शिवण म्हणजे तिच्या लेखी चारचौघांत पदर पडणं.

मग दारातून आवाज आला, जड, सावकाश, शिक्षकी. "अर्थात भगिनी, चक्रीवादळ ही एक भौगोलिक घटना आहे. तो वैयक्तिक अपमान नव्हे. येतो आम्ही."

मावशीनं पाठमोरीच त्याच आवाजात उत्तर दिलं, "अर्थात, छत्री न्या."

घर्र, घर्र, घर्र. मग आपल्या स्वतःच्या आवाजात तो म्हणाला, "अगं, बघ तरी एकदा इकडे."

"सदतीस वर्षं बघतेय तुला," मावशी म्हणाली. "जा. उशीर होईल."

चौदा पायऱ्या धडधडत उतरल्या आणि संपल्या.

वारा अकराला आला. आधी तो एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा दारं वाजवत फिरला, मग घरचाच झाल्यासारखा आत घुसला. बाराला खिडकी चौकटीसकट खोलीत आली. पाइप एका बाजूनं निखळला आणि सगळ्या गावाचे कपडे जमिनीवर सांडले. बेकरीवाला, त्याची बायको आणि मुलगी खालून वर पळत आली, कारण खाली पाणी शिरलं होतं. चौघं जण कापायच्या टेबलाखाली बसली. एक वाजून दहा मिनिटांनी मशीनवरचा दिवा गेला.

"गेली," बेकरीवाला रडवेला होऊन म्हणाला.

"गेली नाही, बंद केली," मावशी म्हणाली. "धाकट्यानं केली. झालं त्याचं काम. आता येईल."

पाणी जिन्यानं चढत होतं. मावशी टेबलाखालून वाकून पायऱ्या मोजायची. सात. नऊ. अकरा. बेकरीवाल्याची मुलगी विचारायची, "मावशी, आता कितवी?" आणि मावशी एक कमी करून सांगायची. बाराव्या पायरीवर पाणी थांबलं. तिथं ते बराच वेळ थांबून राहिलं, वर यावं की नाही याचा विचार करत असल्यासारखं. त्या चार तासांत वाऱ्यानं जो आवाज काढला, तो मावशीला पुढे कुणी कुणी विचारला. माणसाचा, कुत्र्याचा, बिघडलेल्या पंख्याचा आवाज काढणारी बाई, पण त्या आवाजापुढे तिनं नुसती मान हलवली. तिच्या गळ्यात तो नव्हताच.

संध्याकाळी पाणी उतरलं. गाव उरलं होतं, पण मुस्काटात मारल्यासारखं. ज्यांची घरं गेली ती माणसं शाळेत आली, ज्यांची माणसं गेली तीही शाळेत आली. मावशीचं घर उभं होतं तरी ती शाळेतच राहिली. फ्यूज आला तर आधी शाळेत येणार, हा तिचा हिशेब. खोलीवर परत जायचं, तो कपड्यांचा चिखल उपसायचा, हे तिच्यानं झालं नाही. खालच्या बाजारात त्याला एकानं शेवटचं पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या खांबाचा स्विच बंद करून तो गुडघाभर पाण्यातून परत फिरला होता. मग पलीकडून भिंतीएवढं पाणी आलं, असं तो माणूस सांगायचा, आणि सांगताना हात कुठवर उंच करायचा ते मावशी बघायची नाही. गावात एकही माणूस शॉक लागून मेला नाही. लोक तिला हे पुन्हा पुन्हा सांगायचे. ती म्हणायची, "हो. कामाला चोख आहे तो." आहे म्हणायची. होता नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्याकडे साहेब आले. मेलेल्यांची यादी त्यांच्याकडे होती. त्यांचं प्रत्येक वाक्य "नोंद घेतली" या शब्दांवर संपायचं. पाणी मागितलं तरी नोंद, रडलं तरी नोंद. ते टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बर्फाच्या कारखान्यात सव्वीस जण ठेवलेत. चेहरे ओळखण्यासारखे नाहीत. नातेवाइकांना दाखवायचे तरी कसे? लोक म्हणतात, अर्ध्या गावाचे कपडे तुमच्या हातचे."

मावशीनं पदर खोचला. मग म्हणाली, "येते. पण चेहरा नको. वर चादर असू द्या. मला फक्त शिवण दाखवा."

"नोंद घेतली," साहेब म्हणाले.

बर्फाच्या कारखान्यात तिला एक स्टूल दिलं. तिथला माणूस चादरीखालून कपड्याची कड बाहेर काढायचा आणि मावशी ती बोटांत धरून उलटी करायची. तीन टाके नसले तर म्हणायची, "माझं नाही." असले तर पुढे बघायची. लोकांना नंतर वाटायचं, हे काम तिनं केलं तरी कसं? तर ती त्या कपड्यांशी बोलायची. "ही मासे विकणारी. बाहीत हात वर जायला पाहिजे म्हणून भांडली होती माझ्याशी. दिली होती गं तुला जागा, बघ, दिली होती." "हा गोदामाचा पहारेकरी. पोट वाढतं म्हणून शिवणीच्या आत दोन बोटं माया जास्त ठेवायला लावली. ती उसवायची वेळच आली नाही." प्रत्येक वेळी कड हातात येण्याआधी ती श्वास धरायची, आणि डावीकडे आतून अरुंद खिसा लागला नाही की सोडायची. तो खिसा हीच तिची भीती होती. खिसा नाही म्हणजे धाकटा नाही. दोन दिवसांत तिनं तेरा जण ओळखले.

चौदावा शर्ट मलईच्या रंगाचा होता, बारीक निळ्या रेघांचा. मुडपीत तीन टाके, करड्या दोऱ्याचे. डावीकडे खिसा नव्हता. मावशीनं श्वास सोडला. मग ती हातानं शिवणीवरून वर सरकली, चादरीच्या खालून, खांद्यापर्यंत. उजवा खांदा अर्धा इंच खाली कापलेला.

"अगंबाई," ती म्हणाली. "भूगोलाचे सर."

"नक्की का?" त्या माणसानं विचारलं.

"माझ्या हातचा आहे. असा खांदा मी गावात एकाचाच कापते."

काखेतली शिवण दोन्हीकडे ताणून उसवली होती, पाठीवर कापड तंग बसलं होतं. हे तिच्या बोटांना लागलं. "सरांना एवढा घट्ट कसा झाला?" ती पुटपुटली.

"पाण्यात माणूस फुगतो, मावशी," तो म्हणाला.

"हो," मावशी म्हणाली. "कापडही आटतं."

आणि मग तिच्या मनात जे आलं ते तिनं पुढे एकदाच बेकरीवाल्याच्या बायकोला सांगितलं. तिला बरं वाटलं होतं. माझा नाही, दुसऱ्याचा आहे, म्हणून आत कुठेतरी गार वाटलं होतं. ती उठताना त्या चादरीवर हात ठेवून म्हणाली, "माफ करा सर." आणि पुढच्या चादरीकडे गेली.

सरांच्या बायकोनं तो शर्ट कधी बघितलाच नव्हता. "नवा शिवायला टाकलाय म्हणाले होते," ती म्हणाली. "माझ्या काळजीनं पलीकडून निघाले असतील. येताना तुमच्याकडून नेला असेल का हो?"

मावशीला नेल्याचं आठवत नव्हतं. पण त्या दोन दिवसांतलं तिला काय आठवत होतं? "धाकट्यानं दिला असेल," ती म्हणाली. "मी आत असले की तो देतो."

"तुम्ही म्हणता म्हणजे तेच," सरांची बायको म्हणाली. तिनं शर्ट बघायलाही मागितला नाही. गावात मापमावशीचा शब्द हा टेपवरच्या आकड्यासारखा होता.

सगळ्यांना टेकडीवर ओळीनं माती दिली. लाकडं सगळी भिजलेली, आणि कोरडी जागा तेवढीच होती. प्रत्येक ठिकाणी एक पाटी. सरांच्या बायकोच्या एका बाजूला मावशी उभी होती. तिचा हात घट्ट धरून होती, आणि सरांच्या बायकोला वाकवेना म्हणून तिच्या वाटची मातीही मावशीनंच टाकली, दोन्ही ओंजळी. परत येताना सरांची बायकोच तिला म्हणाली, "तुमचा भाऊ सापडेल हो. तो काटक आहे."

"खांबावर जाऊन बसला असेल कुठंतरी," मावशी म्हणाली, आणि वादळानंतर पहिल्यांदाच हसली.

अकराव्या दिवशी दुपारी शाळेच्या आवारात डाळभाताची रांग लागली होती. फाटकापाशी मदतीचा ट्रक थांबला, आणि मागच्या फळीवरून एक माणूस आधी छत्री, मग पाय असं करत खाली उतरला. दाढी वाढलेली, शर्टाचा रंग ओळखू येईना. उजवा खांदा अर्धा इंच खाली.

रांग मोडली. त्या माणसानं सगळ्यांकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "अर्थात, पूल वाहून गेल्यामुळे उशीर झाला."

सरांच्या बायकोच्या हातात पळी होती. तिनं ती आधी फेकली, मग धावत जाऊन त्यांना दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. "पुरलं ना तुम्हाला! मी पुरलं तुम्हाला! माती दिली!" सर छत्री सांभाळत म्हणत होते, "अगं, पण माझी परवानगी..." लोक हसत होते आणि रडत होते. बेकरीवाला ओरडत होता, "मी म्हणत नव्हतो? मी म्हणत नव्हतो?" अकरा दिवसांत शाळेत पहिल्यांदा हसण्याचा आवाज झाला. मावशीही हसत होती. आपण चुकलो याची तिला लाज वाटत होती, पण आनंदही तेवढाच होता. चुकले तर चुकले, माणूस आला ना! म्हणजे येतात माणसं. अकराव्या दिवशीसुद्धा येतात.

सर गर्दीतून वाट काढत तिच्याचपाशी आले. "भगिनी, मी जिवंत असल्याबद्दल दिलगीर आहे. तुमची नोंद चुकली." मग अंगावरचा शर्ट चिमटीत धरून म्हणाले, "अर्थात, एक विचारू? हा अकरा दिवस अंगावर आहे. माझा नवा शर्ट झाला होता का? मला तो न्यायला यायलाच जमलं नाही."

मावशी हसत होती ते तसंच तोंडावर राहिलं. "झाला होता," ती म्हणाली. "टांगला होता."

एवढं बोलून ती चालू लागली. कुणी हाक मारली ती तिला ऐकू आली नाही. बेकरीच्या चिखलातून, चौदा पायऱ्या, एकही न मोजता. खोलीत सगळं तसंच पडलं होतं. तिनं पाइप उचलला, खिडकीची चौकट बाजूला केली आणि गावाचे कपडे एकेक करून उपसायला लागली. पहारेकऱ्याची पँट. जांभळा फ्रॉक. कोट. सगळ्याखाली, अजून हँगरवरच, एक शर्ट होता. साधा, खाकी, कॉलर झिजलेली. डावीकडे आतून अरुंद खिसा, आणि तो फाटलेला. शर्टाला टाचणीनं चिठ्ठी लावली होती. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: भूगोलाचे सर, सोमवार.

सरांचा शर्ट अंगात घालून त्यानं आपला तिथं टांगला होता. वर सरांची चिठ्ठी लावून. संध्याकाळी येऊन अदलाबदल करायची, आणि तोवर बघायचं, ताईच्या लक्षात येतं का.

म्हणून "अर्थात". म्हणून "बघ तरी एकदा इकडे." त्याची नक्कल त्या दिवशी पहिल्यांदा नीट जमली होती, खांद्यासकट, शर्टासकट, आणि बघायला कुणी वळलं नव्हतं.

मावशी तिथंच चिखलात बसली. तिचे हात पुढे पसरलेले होते, आणि ती हातांकडेच बघत होती. या हातांनी तिनं त्याच्या खांद्यावरची शिवण चाचपली होती. तंग बसलेली पाठ लागली होती, ताणलेली काख लागली होती. इतकी वर्षं टेपशिवाय पाठ असलेलं माप बोटांखाली आलं होतं, आणि बोटांनी सांगितलंही होतं. तिनं म्हटलं, कापड आटतं. चादर वर उचलायची नाही ही अट तिचीच होती. माझा नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं. आणि टेकडीवर दोन्ही ओंजळी तिनंच टाकल्या होत्या, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या म्हणून.

बऱ्याच वेळानं बेकरीवाल्याची बायको वर आली. मावशीच्या मांडीवरचा शर्ट आणि चिठ्ठी बघून तीही खाली बसली. ती रडायला लागली तरी मावशी रडेना. तिनं एकच विचारलं, "सुई सापडते का बघ गं कुठं."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर तिनं शर्ट आणि चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. नेहमीचे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडेनात. शेवटी हळूच म्हणाले, "बाई, खात्रीसाठी उघडून बघायचं का? तुम्ही म्हणाल तर..."

"बघायचं तेव्हा बघितलं नाही," मावशी म्हणाली. "आता नको."

टेकडीवरची पाटी बदलायला सर स्वतः आले. अक्षर चांगलं म्हणून रंगाचा डबा त्यांनीच घेतला होता. आपलं नाव त्यांनी पुसलं आणि त्याचं लिहिलं. एका रेषेत, फळ्यावर लिहितात तसं. लिहून झाल्यावर डब्याचं झाकण लावलं. "भगिनी," ते म्हणाले, आणि पुढे काही आलं नाही. अर्थातसुद्धा आलं नाही.

मावशीनं पिशवीतून शर्ट काढला. खिसा शिवलेला होता. शाळेत अर्ध्या गावाचे फाटके कपडे तिच्या नावानं साचले होते, लोक रांगेत उभे होते, आणि तिनं कुणाकडेही न बघता आधी हा खिसा शिवला होता. आयुष्यात पहिल्यांदा घरचं आधी. आतून मुडपीला तीन टाके.

"हा घाला," ती म्हणाली. "तुमचा त्यानं नेला. खांद्यात सैल होईल. उंची बरोबर आहे."

सरांनी तो घेतला. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा ते तोच घालून वर्गात गेले. खांद्यांत ढगळ, बाह्या लोंबणाऱ्या. मुलं हसली. टेस्टरच्या खिशात ते खडू ठेवायचे.

दीड महिन्यानं गावात लाइट आली. नवा वायरमन खांबावरून ओरडला, "आली का?" आणि खाली सगळी गल्ली गप्प उभी राहिली. सगळ्यांनी वर खिडकीकडे बघितलं. खिडकीला अजून चौकट नव्हती. मशीनवरचा दिवा लागला होता आणि त्याच्यामागे मावशी बसली होती. तिनं बाहेर बघितलं आणि तिला जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आली." मग बाकीचे ओरडले.

नकला ती आता करत नाही. कुणी फार आग्रह केला तर म्हणते, "ऐकायला कोण आहे?" आणि खडूनं रेघ मारत राहते. मापं मात्र घेते, कपडे शिवते, वारच लिहिते. एकच बदललंय. मशीन चालू असताना दारातून कुणी हाक मारली, नुसती पायरी वाजली, तरी ती मान वळवते. आधी वळते, तोंडाकडे बघते, नीट बघते, आणि मग विचारते, "काय रे?" सुई तेवढ्यात दोन-चार टाके एकटीच पुढे जाते. म्हणून हल्ली तिच्या हातच्या प्रत्येक कपड्यात कुठंतरी एक शिवण जराशी वाकडी असते. गावात सगळ्यांच्या अंगावर ती आहे. ती सरळ करून द्या म्हणून अजून कुणी आलेलं नाही.